अख्खी गोळी

आशालतेचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या उमेळ्याला ठाऊक होतं. भाजीवालीने वांग्यांत एक किडकं सरकवलं, तर ती तेवढं एक वांगं परत करायला नाक्यापर्यंत चालत जायची. एसटीच्या कंडक्टरने आठ आणे सुट्टे नाहीत म्हणून ठेवून घेतले, तर उतरायच्या आधी ते वसूल केल्याशिवाय खाली पाय टाकायची नाही. लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासूबाईंनी, रुक्मिणीबाईंनी, शेजारणीला सांगून टाकलं होतं, "पोरगी कामाची हाय, पन तोंड तिखट." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि आशालतेने दोन्ही कधी नाकारल्या नाहीत.

नवरा चंद्रहास जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. स्वभावाने इतका गरीब की वर्गातली पोरं दंगा करायची आणि हा खडू मोडून त्याचे तुकडे खिशात भरायचा. घरची केळीची वाडी होती, ती भावकीत वाटली जाऊन उरली चार गुंठे, आणि कुंपणापलीकडे पाच मजली इमारत उभी राहिलेली. म्हणून आशालता शहाऐंशी सालापासून वालीवच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची.

काम सांगायला सोपं होतं. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि समोरून सरकणारा पट्टा. मशीनमधून गोळ्यांच्या स्ट्रिपा पडायच्या. दहाही पॉकेटांत गोळी आहे का, तुटकी तर नाही ना, एवढं बघायचं. रिकामं पॉकेट दिसलं की स्ट्रिप उचलून टोपलीत टाकायची. दिवसाला अशा हजारो स्ट्रिपा. पंधरा वर्षांत तिच्या नावावर निसटलेल्या पॉकेटाची एक तक्रार आली होती, आणि तीही शेजारी बसणाऱ्या ग्रेसीची निघाली. ग्रेसीने त्याबद्दल तिला घरचा फुगे-पाव आणून दिला होता.

सकाळी मशीनवर एका बड्या कंपनीच्या नावाचा रोल लागायचा, निळा आणि चंदेरी. जेवणाची सुट्टी झाली की तो उतरायचा आणि दुसरा चढायचा. तो साधा, काळ्या अक्षरांचा, नाव कुणी कधी न ऐकलेलं. गोळ्यांचा ड्रम मात्र तोच. सकाळी अर्धा रिकामा झालेला, दुपारी उरलेला. आशालतेने हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्याचा विचार केला नाही. पगार वेळेवर होत होता, तेवढं तिला पुरे होतं.

नव्याण्णव साली रुक्मिणीबाईंना चक्कर आली. वसई रोडच्या डॉक्टरांनी प्रेशर निघालं म्हणून सांगितलं आणि रोज एक गोळी लिहून दिली, जन्मभर चुकवायची नाही. चंद्रहास स्ट्रिप घेऊन आला ती निळी-चंदेरी. दहा गोळ्या, अडतीस रुपये. आशालतेने ती उलटीपालटी करून पाहिली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत वालीवचा पत्ता होता, आणि बॅच नंबर तिने स्वतः पट्ट्यावरून उचललेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती वाकडी वाट करून पापडीला फर्डिनंडच्या मेडिकलमध्ये गेली. फर्डिनंड तिच्या माहेरच्या ओळखीचा, सज्जन माणूस, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. तिने काळ्या अक्षरांची स्ट्रिप मागितली. त्याने काढून दिली आणि साडेएकतीस रुपये सांगितले.

"साडेएकतीस कसले, फर्डिनंडभाऊ? ही तुम्हाला सहाला पडते."

"किंमत छापलेली आहे, आशाबाय. बघ तूच."

"छापणाऱ्या मशीनसमोर मी बसते. आणि आमच्याकडून खोकी निघतात तेव्हा वर बिल चिकटवलेलं असतं. मला वाचता येतं."

फर्डिनंडचा चेहरा उतरला. "हळू बोल, बाय. गिऱ्हाईक उभं आहे."

"म्हणूनच मोठ्याने बोलते. मोठी कंपनी नावाचे पैसे घेते. ही साधी कंपनी नाव नाही तरी छापते जवळजवळ तेवढंच, आणि मधले पंचवीस तुमच्या गल्ल्यात जातात. मग गरिबाला स्वस्त औषध मिळालं कुठे?"

फर्डिनंडने तिला आठ रुपयांना स्ट्रिप दिली आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला. तिने सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर रेजिना, जुलियाना आणि आणखी दहा बायका त्याच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि 'आशालतेची गोळी' मागू लागल्या. फर्डिनंडने कपाळाला हात लावला, पण दिली सगळ्यांना आठालाच. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं असणार.

दोन वर्षं रुक्मिणीबाईंनी ती गोळी घेतली. आशालता रोज सकाळी चहाच्या आधी स्ट्रिप स्वतःच्या हाताने फोडायची आणि गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवायची. डॉक्टर दर तीन महिन्यांनी प्रेशर बघून फायलीत आकडा लिहायचे आणि म्हणायचे, "अगदी उत्तम." एकदा मात्र त्यांनी पुढे जोडलं, "बघा, चांगल्या कंपनीचं औषध असलं की असं असतं. नाहीतर लोक काहीबाही गोळ्या खातात आणि मग आमच्या नावाने खडे फोडतात."

आशालतेने गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसली तर ती आशालता कसली. तिने पिशवीतून काळ्या अक्षरांची स्ट्रिप काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "तुमचं ते उत्तम ह्या गोळीमुळे आहे, डॉक्टर. दोन वर्षं हीच चालू आहे."

डॉक्टरांनी स्ट्रिपला हात लावला नाही. ते आशालतेशी बोललेही नाहीत. ते रुक्मिणीबाईंकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "आजी, यापुढे तुम्हाला काही झालं तर माझी जबाबदारी नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हातारी घाबरली, आणि घाबरलेल्या म्हातारीने त्याच संध्याकाळी शेजारच्या घरी जाऊन मुलीला फोन लावला.

मुलगी हेमांगी विरारला दिलेली. नवऱ्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं. विरारला रोज नवी इमारत उठत होती, त्यामुळे दुकान जोरात होतं. ती रिक्षा करून आली आणि तिने कपाटातल्या काळ्या अक्षरांच्या स्ट्रिपा उचलून केराच्या डब्यात टाकल्या.

"आईला असलं स्वस्तातलं घालतेस, वहिनी? तुझ्या आईला घातलं असतंस?"

"तीच गोळी आहे, हेमांगी. मी स्वतः पॅक करते."

"तू पॅक करतेस. तपासत नाहीस. आजपासून आईच्या औषधाला तू हात लावायचा नाही. मी आणून देईन."

आशालतेने नवऱ्याकडे पाहिलं. चंद्रहास म्हणाला, "आईचं समाधान होतंय ना, मग होऊ दे."

"बरं," आशालता म्हणाली. "नाही लावत हात."

हेमांगीने निळ्या-चंदेरी तीन स्ट्रिपा आईच्या हातात ठेवल्या, महिन्याच्या. मनाने ती वाईट नव्हती. आईवर तिचा जीव होता. जाताना आईच्या गालावरून हात फिरवून तिने सांगितलं, "आई, एकेक गोळी चार रुपयांची आहे. वाया घालवू नकोस हं."

आता रुक्मिणीबाईंच्या घराची एक रीत सांगायला हवी. त्या घरात चांगली वस्तू वापरायची नसे, पुरवायची असे. सुक्या कोळंबीचे सोडे आणले तर ते पाहुण्यांसाठी बरणीत, घरच्यांच्या कालवणात स्वस्तातला जवळा. वर्षाने बरणी उघडावी तर सोड्यांना जाळी लागलेली, तरी फेकवत नसत. त्यांच्या धाकट्या दिराने ब्याऐंशी साली कुवेतहून आणलेला साबण त्यांच्या ट्रंकेत कागदासकट तसाच होता. लग्नातलं जरीचं लुगडं घडीवरच विरलं. हे कंजूषपण नव्हतं. हातात जे थोडं आलं ते संपू नये, एवढंच त्या बाईला आयुष्याने शिकवलं होतं, आणि ते तिने मनापासून पाळलं.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. हेमांगी दर महिन्याला येऊन तीन स्ट्रिपा देऊन जायची. डॉक्टरांकडे मात्र कुणी नेलं नाही. आशालता नेत असे, आणि आता तिने हात लावायचा नव्हता. सकाळी ती चहा ठेवायची, सासूसमोर कप सरकवायची आणि डबा घेऊन एसटी पकडायला निघायची. गोळी घेतली का, हा शब्द तिने चार महिन्यांत एकदाही काढला नाही. लोक नवरात्राचे उपास करतात त्या निष्ठेने तिने तो राग पाळला.

नवरात्रातच, सहाव्या माळेला, रुक्मिणीबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि तांब्या हातातून निसटला. मागोमाग त्या. उजवं अंग गेलं. वाचा गेली. तोंड वाकडं झालं.

नर्सिंग होमच्या जिन्यात सगळे जमले होते, हेमांगी, तिचा नवरा, भावकीतली चार माणसं. डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन वर्षं कुठल्यातरी गोळ्या पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? मी तेव्हाच बजावलं होतं."

"चार महिने तुमचीच गोळी चालू आहे," आशालता म्हणाली.

"नुकसान आधीच झालेलं असतं, बाई. तुम्ही पॅकिंगवाल्या. हे तुम्हाला कळायचं नाही."

हेमांगी रडत होती. भावकीतली माणसं आशालतेकडे बघत होती. आणि चंद्रहास, ज्याने त्या दोन वर्षांत दर वेळी प्रेशरचा आकडा विचारून 'वा' म्हटलं होतं, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. आशालतेला वाटलं, ह्या माणसाने आता एक वाक्य बोलावं. एकच. तो बोलला नाही. अठरा वर्षांच्या संसारात तिने त्याचा गरीब स्वभाव पोटात घातला होता. त्या जिन्यात तिला त्याची किळस आली.

गावात बातमी त्यांच्याआधी पोचली. सुनेने सासूला आठ रुपयांच्या गोळ्या घालून लोळवली. रेजिनाने 'आशालतेची गोळी' बंद केली आणि नवऱ्यासाठी पुन्हा अडतीसवाली सुरू केली. कारखान्यात तिच्याजवळ तेवढी ग्रेसी बसून राहायची. पट्ट्यावरून निळ्या-चंदेरी स्ट्रिपा येत, दुपारनंतर काळ्या अक्षरांच्या, आणि आशालता दात आवळून पॉकेटं तपासत राहायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर कोण हे तिलाही अजून माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी म्हातारीला घरी आणलं. अंगाखाली घालायला मऊ कापड लागायचं, म्हणून आशालतेने सासूची ट्रंक उघडली. वर जुनी लुगडी. त्याखाली कुवेतचा साबण. साबणाशेजारी रुमालात बांधलेलं एक पुडकं.

तिने गाठ सोडली. निळ्या-चंदेरी स्ट्रिपा. बारांपैकी सात जशाच्या तशा, रबर लावून ठेवलेल्या. उरलेल्या पाचांत काही पॉकेटं रिकामी, आणि काहींत अर्धी गोळी. मधल्या रेघेवर बरोब्बर मोडलेली. एक अर्धुक खाऊन दुसरं परत पॉकेटात ठेवलेलं आणि वरची फॉइल नखाने दाबून बसवलेली. इतकं नीट काम की मशीनलाही जमलं नसतं. कधी अर्धी, कधी दोन दिवसांआड, कधी आठवडाभर काहीच नाही. भारी औषध. चार रुपयांचं एक. पुरवून खाल्लेलं.

आशालता ट्रंकेपाशी जमिनीवर बसली. राग आला तो आधी हेमांगीचा, मग डॉक्टरांचा, मग त्या बड्या नावाचा, ज्याने खडूच्या भावाच्या गोळीला सोड्यांची किंमत लावली होती. आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतःचा आला, तो काही केल्या उतरेना. पंधरा वर्षं तिने गोळी आहे की नाही हे बघण्याचा पगार घेतला होता. घरात एक स्ट्रिप उचलून बघायला तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. तिने बघितलं नव्हतं, कारण हेमांगीला दाखवून द्यायचं होतं. काय दाखवून द्यायचं होतं, ते तिला आता आठवेना.

रविवारी हेमांगी नव्या तीन स्ट्रिपा घेऊन आली. आशालतेने सासूच्या खाटेवर, पायाशी, ते पुडकं उघडलं आणि एकेक स्ट्रिप मांडली. शेजारी डॉक्टरांची फाइल ठेवली.

"ह्या तुझ्या जूनच्या. ह्या जुलैच्या. ह्या ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या, त्यांतली तर एकही फुटली नाही. आणि ही फाइल. दोन वर्षांचे आकडे डॉक्टरांच्याच अक्षरात आहेत. वाच."

हेमांगीने एक स्ट्रिप उचलली. अर्धी गोळी तिच्या मांडीवर पडली. "मी तिला साठवायला सांगितलं नव्हतं, वहिनी."

"तू किंमत सांगितलीस. ह्या घरात लहानाची मोठी झालीस ना? मग किंमत सांगितल्यावर काय होतं ते तुला माहीत नव्हतं?"

हेमांगीने तोंडाला पदर लावला. चंद्रहास दारात उभा होता. तो म्हणाला, "आता उकरून काय उपयोग? झालं ते झालं."

"त्या जिन्यात तोंड उघडलं असतं तर उपयोग होता," आशालता म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच बहुधा दोघंही घाबरली. "अजूनही आहे. ही फाइल आणि ह्या स्ट्रिपा घ्या, डॉक्टरांकडे जा, आणि सगळ्यांसमोर जे बोलले ते सगळ्यांसमोर परत घ्यायला सांगा. मी गेले तर पॅकिंगवाली. तुम्ही मास्तर आहात."

चंद्रहास गेला. तासाभराने परत आला. डॉक्टर गडबडीत होते म्हणाला. फाइल त्याने पिशवीतून बाहेरही काढली नव्हती, तिची दोरी तशीच बांधलेली होती. आशालतेने ती दोरी बघितली. त्या दिवशी तिने कुवेतचा साबण कागद फाडून न्हाणीत ठेवला. त्याला कसलाच वास उरला नव्हता, मधून तडा गेला होता.

गावाने पुढेही तेच म्हटलं. बायका कुजबुजत राहिल्या आणि आशालता तोंडावर उत्तरं देत राहिली. कुणाकुणाला तिने ट्रंकेतल्या स्ट्रिपा नेऊन दाखवल्या. रेजिनाला पटलं, बाकीच्यांना डॉक्टर खोटं कसं बोलतील असं वाटलं. फर्डिनंडने मात्र दुकानात काळ्या अक्षरांच्या स्ट्रिपांचं खोकं पुढच्या कपाटात, काचेमागे मांडलं. तेवढं त्याच्याने झालं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आशालतेने चहाच्या आधी नवी स्ट्रिप फोडली. आठ रुपयांची. म्हातारीला उशीला टेकवून बसवलं, तोंड पुसलं आणि गोळी जिभेवर ठेवली.

रुक्मिणीबाईंनी डावा हात उचलला. थरथरत तोंडापाशी नेला आणि गोळी जिभेवरून काढली. ती चिमटीत धरून अंगठ्याने मधल्या रेघेवर दाबू लागल्या. बोटांत जोर नव्हता. गोळी मोडेना. त्यांनी आशालतेकडे पाहिलं, मग मानेने ट्रंकेकडे खूण केली. अर्धी आता. अर्धी तिकडे.

"नाही," आशालता ओरडली. शेजारच्या इमारतीतून कुणीतरी खिडकी उघडून पाहिलं. "नाही, आई. साठवायचं नाही. मोडायची नाही."

म्हातारीचे डोळे भरले. वाकड्या तोंडातून काहीतरी आवाज आला. तो 'भारी' होता की नुसता श्वास, कुणी सांगू शकलं नसतं.

आशालतेने तिच्या बोटांतली गोळी सोडवून घेतली आणि पुन्हा जिभेवर ठेवली. दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला लावला. तिचा राग अजून संपला नव्हता.

"अख्खी खा," ती म्हणाली. "स्वस्त आहे."